पांघरुणाखालची आई

ऐका गं बायांनो. हंडे रांगेत लावून ठेवा आणि अशा इकडं सरकून बसा. पाणी सुटायला अजून तास आहे असं सांगून गेलाय पाणीवाला, आणि त्याचा तास केवढा असतो ते तुम्हाला माहीतच आहे. तोवर सांगते. पण कलावती वहिनी, मधेच किंचाळायचं नाही हां! माझी हर्षू मांडीवर झोपलीय. आज ती माझ्या मांडीवर झोपलीय, हेच मोठं. का मोठं, ते ऐका.

मी सातवी पास. त्यापुढं काही शिकले नाही. पण घडलं तसं सांगायला शाळा कशाला लागते?

तर ऐका. मार्गशीर्षातली रात्र. आठ वाजले असतील. मी हर्षूला छातीशी धरून घराबाहेर पडले. एकटी! हातात बॅटरी, पायात चप्पल. पोरगी सात महिन्यांची. दुपारपासून अंग असं तापलेलं की हात लावला की चटका बसावा. संध्याकाळी डोळे फिरवायला लागली. हिचे बाबा ट्रक घेऊन सुरतेकडं. आणि गावात त्या दिवशी लग्नाचं वऱ्हाड निघालेलं. ज्याच्या दारात म्हणून गाडी होती, ती गाडी वऱ्हाडात. शेवटची एसटी सहालाच गेलेली. देवळेगावचा डॉक्टर नऊला दार लावतो. आता काय करायचं सांगा!

सडकेनं गेलं तर सात किलोमीटर. झोपड्यांच्या माळावरून गेलं तर तीन.

"माळानं जाऊ नगंस, वैजू," आत्या म्हणाल्या. माझ्या सासूबाई, मी आत्याच म्हणते. "तिथं ती हाय."

"आत्या, सडकेनं गेले तर डॉक्टर भेटायचा नाही."

आत्यांचे गुडघे धरलेले, सोबत येता येईना, म्हणून रडायला लागल्या. मग डोळे पुसले आणि म्हणाल्या, "आण तिला हिकडं. वारं लागलं तर ताप डोस्क्यात शिरंल." आणि पोरीला गुंडाळायला बसल्या. झबलं. त्यावर लोकरीचा स्वेटर, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. कानटोपी. पायमोजे. वर दुपटं. दुपट्यावर त्यांची स्वतःची शाल. वरून माझा पदर. नुसतं नाक तेवढं बाहेर. आपण सगळ्या असंच करतो की नाही? तापातल्या पोराला उघडं कोण ठेवतं?

"आन हे बघ," आत्या म्हणाल्या, "माळावर तिला रडू दिऊ नगंस. रडणं ऐकूनच ती उठती."

कोण उठते? थांबा, सांगते. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

त्याच्या आधी आठच दिवस मी हर्षूचा फोटो काढायला देवळेगावला गेले होते. हिचे बाबा म्हणाले होते, ट्रकमध्ये समोर लावायला पाहिजे पोरीचा फोटो. इस्माईल चाचा तांबोळींचं दुकान तुम्हाला ठाऊक आहे, एसटी स्टँडच्या मागचं. त्यांनी पोरीला लाल गादीवर बसवलं. ही काय बसते! इकडं लवंडते, तिकडं रांगते. मी वैतागून म्हणाले, "हर्षे, हलू नको गं!"

चाचांनी कॅमेरा खाली ठेवला. पांढऱ्या दाढीचा माणूस, पण तोंड असं झालं की मलाच कसंतरी वाटलं.

"पोरी," म्हणाले, "माझ्या दुकानात लहान लेकराला हे बोलायचं नाही. माझ्या पणजोबांपासूनचा दंडक आहे. लेकरू हललं तर हलू दे. फोटो वाया जाऊ दे. मी दुसरा काढीन."

मी म्हणाले, "का हो चाचा?"

त्यांनी आतून एक चौकट आणली. कपड्यात बांधलेली. मी आधीच भित्री, तुम्हाला माहीत आहे. पण नको म्हणायच्या आत त्यांनी कपडा सोडला.

जुना, पिवळा पडलेला फोटो. मागं गवताच्या झोपड्या. पुढं एक स्टूल, आणि स्टुलावर... काय म्हणू? चादर. नुसती चादर! माणूस बसावं तसा आकार, पण डोकं नाही, तोंड नाही. डोक्यापासून पायापर्यंत पांघरूण. आणि त्या चादरीच्या मांडीवर बसलेलं एक बाळ. आठ-नऊ महिन्यांचं. काजळ घातलेलं. आणि बाळाच्या दोन्ही काखांत, चादरीच्या आतून, दोन हातांचा आकार.

"हे काय हो?" मी म्हणाले.

"ती आई आहे," चाचा म्हणाले. "त्या वेळी फोटो काचेवर निघायचा. बारा आकडे मोजेपर्यंत हलायचं नाही. लेकरू हललं की त्याचा धूर व्हायचा काचेवर. म्हणून आईला चादरीखाली बसवायचे आणि तिला लेकरू धरायला लावायचे. आई दिसायची नाही, लेकरू साफ यायचं. तशी रीतच होती."

मग त्यांनी सगळं सांगितलं. प्लेगाचं साल. उंदीर पडायला लागले की अख्खं गाव घरं सोडून माळावर झोपड्या करून राहायचं. म्हणून तो झोपड्यांचा माळ. त्या झोपड्यांत द्वारका नावाची एक बाई होती. नवरा लांब, रेल्वेच्या खोदकामावर. त्यानं आपलं पोर पाहिलंच नव्हतं. चाचांचे पणजोबा बैलगाडीत कॅमेऱ्याची पेटी घालून माळावर आले होते, कुणा साहेबानं झोपड्यांचे फोटो मागवले होते म्हणून. द्वारका त्यांच्या पाया पडली. म्हणाली, "दादा, माझ्या बाळाचा येक काढा. त्याच्या बापाला धाडते."

बाळाला सकाळपासून कणकण होती. पण गाडी परत कधी येणार? तिनं बाळाला न्हाऊ घातलं, काजळ लावलं, आणलं. पहिली काच गेली, बाळ हललं. दुसरी गेली. एकच काच उरली. पणजोबा म्हणाले, "बाई, आता हलू देऊ नका. घट्ट धरा." आणि मोजायला लागले. एक. दोन. तीन...

तिनं घट्ट धरलं.

बारा झाले. काच छान निघाली. पणजोबांनी हसत हसत चादर ओढली... आणि बाळ गेलेलं.

वहिनी! मी काय सांगितलं होतं? गप्प. उठेल ना ही.

तापानं गेलं, का प्लेगानं, का त्या हातांनी, कुणाला सांगता येईना. पण द्वारका एकच म्हणायची, "म्या धरलं. म्या घट्ट धरलं." आठव्या दिवशी तीपण प्लेगानं गेली. महिन्याभरानं नवरा आला. फोटो बघितला. बराच वेळ बघितला, आणि परत पणजोबांच्या हातात दिला. म्हणाला, "यात माझं पोर हाय. बायकू कुठं हाय?" कारण तिचा दुसरा फोटो कुठंच नव्हता. तोंड कसं होतं तिचं, हे सांगायला मागं काहीच उरलं नाही.

चाचांनी मग फोटोवर बोट ठेवलं. बाळाचा चेहरा बघा, इतका साफ! पापणीचा केस दिसावा. आणि त्याच्यामागं चादरीची कड मात्र हललेली. धुरकट.

"लेकरू हललं नाही," चाचा म्हणाले. "हलली ती ही. थरथरत होती."

मी घरी आले ती दोन दिवस जेवले नाही. आत्या म्हणाल्या, तीच ती. माळावर पांघरूण घेऊन बसते. लेकुरवाळी बाई दिसली की हात पुढं करते, अन् लेकरू घेते. आत्यांना त्यांच्या सासूनं सांगितलेलं. सगळ्या गावाला तेच ठाऊक.

आणि आता त्याच माळावर मी! रात्री! तापलेलं पोर घेऊन!

ऐका. ओढा ओलांडला आणि चढ चढून माळाला लागले. चांदणं नव्हतं. थंडी अशी की कान दुखावेत. हर्षू कण्हायला लागली. मी लगेच तिचं तोंड छातीशी दाबलं. "गप गं माझी बाय, गप, गप." आत्यांनी सांगितलं होतं ना, रडू द्यायचं नाही. पोरगी गप्प झाली. मला हायसं वाटलं.

आणि मागून आवाज आला.

"एक."

बाईचा आवाज. हळू. मी वळले नाही. वळायचं नसतं, एवढं तर सातवीच्या आधीपासून माहीत आहे!

"दोन... तीन..."

तेवढ्यात हर्षू आतून कुरकुरली, आणि आवाज थांबला. बंद! मी म्हटलं, गेली वाटतं. रामाचं नाव घेतलं. चालायला लागले. पोरगी परत गप्प झाली. आणि परत...

"एक. दोन. तीन. चार. पाच..."

या खेपेला जवळून. मी पळायला लागले तर शालीचं टोक मागं ओढलं गेलं. म्हटलं, बोरीचा काटा असेल. हिसका दिला, सुटलं. दहा पावलं गेले, परत ओढलं. बॅटरी मारली. काटा नाही, बोर नाही, काही नाही! मोकळा माळ. शाल मात्र पोरीच्या खांद्यावरून निम्मी उतरलेली. मी परत गुंडाळली. आधीपेक्षा घट्ट. गाठच मारली.

सुमन मावशी, हसू नका. तुम्ही असता तर काय केलं असतं? तुम्ही तर ओढ्यावरूनच परत आला असता!

मग कानटोपी गेली. डोक्यावरून कुणी अलगद काढावी तशी. मी खाली वाकून चाचपडले, सापडली, परत घातली, नाडी बांधली. मग पायमोजा गेला. तो सापडला नाही. आणि हर्षू एकदम दचकली, टाहो फोडला! मी तिचा पाय धरला. तळवा गारगार. ताप एवढा, आणि तळवा बर्फासारखा. कुणाचा तरी हात लागून गेल्यासारखा.

"गप गं, गप! ती ऐकतीय!" मी तिला अशी आवळली, अशी आवळली... आणि पोरगी गप्प झाली.

"एक. दोन. तीन. चार. पाच. सहा. सात..."

आता आवाज हळू नव्हता. घाई होती त्यात. मी पळत होते, आवाज सोबत पळत होता. माळाच्या मधोमध आले, आणि बॅटरीच्या उजेडात वाटेवर काहीतरी दिसलं. वाटलं, कडब्याची पेंडी. वाटलं, दगड.

चादर होती.

बसलेली. माणसाएवढी. डोकं नाही, तोंड नाही. अगदी फोटोतल्यासारखी! फक्त कड हलत होती. थरथरत होती. वारा नव्हता हो!

"आठ," ती म्हणाली.

आणि दोन हात बाहेर आले.

मी पोरीला दोन्ही हातांनी कवळलं. देणार नाही! मेले तरी देणार नाही! ती उठली. आली. शालीला हात घातला. मी ओढते, ती ओढते. गाठ सुटली. शाल गेली. "नऊ!" दुपटं धरलं. मी दातांनी धरलं हो दुपटं! ते गेलं. "दहा!" टोपी गेली, मोजा गेला. मी खाली बसले, पोरीला पोटाखाली घेतलं, अंगाचं घर केलं तिच्यावर. ती माझ्या खाली हात घालून स्वेटर ओढत होती. आणि हर्षूचा आवाज नाही. काहीच आवाज नाही.

"अकरा," ती म्हणाली. आणि ते म्हणताना ती रडत होती.

रडत होती! तेव्हा मला काही उमगलं नाही, पण ते रडणं कानात आहे अजून.

स्वेटर निघाला. मला हिसका बसला, हात सुटले, आणि पोरगी त्या गारठ्यात नुसत्या झबल्यावर माझ्या मांडीवर पालथी पडली. एक क्षण काही नाही. मग तिनं असा श्वास घेतला, असा मोठा, पाण्यातून वर आल्यासारखा! आणि रडली. काय रडली! अख्खा माळ दणाणला.

आवाज थांबला. बारा कुणी म्हणालंच नाही.

मी वर बघितलं नाही. उघडी पोरगी उचलली आणि पळाले. चप्पल तिथंच. पोरगी सगळ्या वाटेनं किंचाळत होती आणि मी तिला गप्प केलं नाही. करायचं सुचलंच नाही. देवळेगावचे दिवे दिसले तेव्हा मीपण तिच्यासारखीच रडत होते.

डॉक्टर कुलूप लावत होते. बघितल्याबरोबर आत घेतलं. थर्मामीटर लावलं. औषध पाजलं, ओल्या फडक्यानं अंग पुसलं. मी म्हणाले, "डॉक्टर, उघडी आणली हो. वाटेत कपडे गेले. काट्यात अडकले."

"गेले ते बरं झालं," ते म्हणाले. "कशात गुंडाळलं होतं?"

मी सगळं सांगितलं. स्वेटर, टोपी, दुपटं, शाल, पदर.

त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, एवढ्या तापात? आत भाजून निघाली असती पोर! वर तोंड छातीशी दाबलेलं. श्वास कुठून घ्यायचा तिनं? आणखी पाच मिनिटं तशीच ठेवली असती, तर माझ्याकडं आणून उपयोग नव्हता."

मी माझ्या हातांकडं बघत बसले. चांगले हात आहेत की नाही हे? भाकरी करतात, पोरीला न्हाऊ घालतात. आणि अजून थोड्या वेळानं या हातांनी काय केलं असतं!

पहाटेला ताप उतरला. हर्षूनं डोळे उघडले, माझी नथ धरली आणि ओढली.

सकाळी दहाला आत्या आल्या, कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून, गुडघे विसरून. हातात गाठोडं. म्हणाल्या, "वैजू, धनगराच्या पोराला माळावर सापडलं. तू ठिवलं हुतंस का असं?"

मी गाठोडं सोडलं. शाल घडी घातलेली. शालीत दुपटं, घडी घातलेलं. त्यावर टोपी, मोजे दोन्ही, एकात एक घातलेले, आपण घालून ठेवतो तसे. आणि सगळ्यांवर स्वेटर. मी म्हटलं, एवढ्या ओढाओढीत फाटला असेल, बटणं तुटली असतील. बघितलं. एकही बटण तुटलेलं नव्हतं. एक एक करून काढलेलं होतं.

आत्यांनी ते बघितलं. मी बघितलं.

"आगं बया," त्या म्हणाल्या. "म्हंजी इतकी वर्सं आमी तिलाच..." नुसते हात जोडले, दवाखान्याच्या त्या बाकड्यासमोर, त्या इवल्या स्वेटरला.

पुढच्या शुक्रवारी आम्ही दोघी दिवसाउजेडी माळावर गेलो. खण, नारळ, हिरव्या बांगड्या. लेकुरवाळीची भरतात तशी ओटी भरली. कुठं ठेवायची कळेना. मग वाटेच्या कडेला एका सपाट दगडावर ठेवली. आत्या तिला सून म्हणाल्या. मी तिला आक्का म्हणाले. म्हणाले, "आक्का, तुझं तोंड कुणी बघितलं नाही. मीपण नाही बघितलं. पण माझी पोरगी मी तुझ्यामुळं बघतीय." आणि हर्षूला दगडासमोर खाली सोडली. रांगली, लोळली, माती खाल्ली. मी काही बोलले नाही.

कुणी म्हणतात, भीतीनं मला भास झाला. असेल. मग बटणं कुणी काढली, ते सांगा.

आता माझं सांगणं ऐका, आणि नीट ऐका. तुमच्यापैकी निम्म्यांच्या कडेवर पोरं आहेत. लेकराला ताप आला तर आवळू नका, उघडं करा, ओल्या फडक्यानं पुसा, आणि सडकेनं न्या. उशीर होईल वाटलं तर माझं दार वाजवा. आता आमच्याकडं मोटारसायकल आहे, हिचे बाबा नसले तर दीर नेईल. पण रात्रीचं त्या माळावरून लेकरू घेऊन जाऊ नका, कद्धी जाऊ नका! ती काही करणार नाही हो. पण तुमचं लेकरू गप्प झालं की ती उठणार, मोजायला लागणार, आणि रडत रडत तुमच्यामागं धावत येणार. माझ्या पोरीसाठी धावली तेवढं पुरे झालं. आता निजू द्या तिला.